रिकामे असल्याचा दाखला

निवडणूक लागली की हत्यारं ठाण्यात जमा करायची.
कमांडर कुबलांचं तेवढं एकच, स्पॅनिश,
आणि कमांडर तर भादव्यात गेले.
मुनशी म्हणाला, भरलेलं नाही असं कुणीतरी लिहून द्या,
मग घेतो.
म्हणून शालनवहिनी माझ्याकडे आल्या,
आनंदवाडीच्या धक्क्यावर, मी इंजेक्टर धुतो तिथे,
पिस्तूल नवऱ्याच्या पंच्यात गुंडाळून.
"बघ रे मुनाफ, ह्येच्यात काय आसा काय नाय ता."

पंचवीस वर्षं मी होड्यांची इंजिनं उघडतोय,
असलं यंत्र नव्हतं उघडलं.
अक्रोडाची मूठ, कुणाकुणाच्या घामाने काळी,
गारगोटी धरणारा चोचीसारखा घोडा,
आणि कमान चक्क बाहेर,
पोटातलं सगळं अंगावर घालून बसलेलं.
नळीवर छाप, मुकुट असावा,
अर्धा खाऱ्या हवेने खाल्लेला.

हे आलं कुठून, याच्या त्यांच्या गोष्टी तीन.
मित्रांत: पत्त्यांत जिंकलं.
शाळेत, पंधरा ऑगस्टला: चाच्याच्या कमरेचं.
तिसरी मला, पंप बसवताना, दोघांचे हात तेलात:
कादिझ बंदर, जहाज चार दिवस थांबलेलं,
एका घड्याळजीची बायको.
दोन किलो चहा आणि नौदलाचे पांढरे बूट, एक जोडी.
"तिला ते घरातून घालवायचंच होतं," म्हणाले.
"का, ते विचारण्याइतकं स्पॅनिश मला येत नव्हतं."

त्यांच्या हातात मी ते एकदाच पाहिलं.
बाहेरचे ट्रॉलर रात्री दिवे पेटवून
आमच्या बांगड्यात घुसत होते, त्या साली.
पोरांनी एक ट्रॉलर ओढून आणला, वर चार खलाशी,
एक तर सोळाचाही नसेल.
काठ्या निघाल्या.
कुणीतरी रॉकेल म्हणालं. कदाचित मीच.
कमांडर लुंगीवरच आले
आणि पिस्तूल रोखलं
त्या चौघांवर नाही,
आमच्यावर.
ते उडत नाही हे अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं.
तरी कुणी पाऊल टाकलं नाही.
नंतर माझ्या टपरीत त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं,
चहाचा पेला दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून.

आज नळीत तार घातली. अडकली.
वहिनी दोन पावलं मागे सरल्या.
हलक्या हाताने खरवडलं: माती,
तांबडी, आमच्याच सड्यावरची.
मग कोळी. एक, दोन, सात, अकरा,
पाय दुमडलेले, मेलेले नाहीत, निजवलेले,
आणि तळाशी भाताच्या दाण्याएवढी एक अळी.
कुंभारीण.
त्यांच्या खोलीची खिडकी आता कुणी लावत नाही.
याच पंधरवड्यात कधीतरी
चिखलाचा एकेक गोळा आणून तिने ते ठासलं होतं.

"भरलेला होता मगे," वहिनी म्हणाल्या
आणि पदर तोंडाला लावून हसल्या,
भादव्यानंतर पहिल्यांदा असाव्यात,
मग तो पदर डोळ्यांपर्यंत गेला.

मी वहीचं पान फाडलं. लिहिलं:
तपासले. दारू नाही. गोळी नाही.
मुनाफ अब्दुल सोलकर, इंजिन मेकॅनिक, देवगड.
खाली अंगठ्याचं तेल उमटलं, तेही राहू दिलं.

अगदी बुडाशी आणखी एक घर होतं, बंद.
तारेचं टोक टेकलं तेव्हा हाताला कळलं.
ते लिहिलं नाही.
ठाण्यात मुनशीला एवढंच सांगितलं,
निकाल लागेपर्यंत कपाटात ठेवा खुशाल,
पण नळीचं तोंड बांधू नका,
आणि कपाटाची फट असू द्या जराशी.
वारा नाही लागला, तर गंज धरतो.